पायांची सातवी जोडी

मराठी विनोदाचा झेंडा पृथ्वीच्या अगदी तळाशी नेऊन रोवणारा पहिला माणूस मी आहे आणि इतिहासाला याची दखल घ्यावीच लागेल. वर्तमानपत्राला पाठवायच्या पहिल्या मजकुराचं हे पहिलं वाक्य मी अंटार्क्टिकाच्या वाटेवर, भाड्याने घेतलेल्या रशियन जहाजाच्या केबिनमध्ये मनाशी जुळवलं, तेव्हा माझं डोकं एका निळ्या प्लास्टिकच्या बादलीत होतं. बादली धरून बसलेले गृहस्थ म्हणाले, "केळुसकर, थोडं डावीकडे सरका. जहाज आता उजवीकडे कलेल."

ते डॉ. अच्युत उपळेकर. समुद्रतळाच्या प्राण्यांवर काम करणाऱ्या गटाचे प्रमुख आणि माझे केबिनमधले सोबती. निवृत्तीला टेकलेले, उंच, खांद्यात वाकलेले. जन्मभर सूक्ष्मदर्शकावर वाकलेली पाठ जेवताना आणि झोपतानासुद्धा सरळ होत नाही, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. त्यांनी बादली ओतून, धुऊन परत आणली आणि बॅगेतून स्टीलचा एक गोल डबा काढून आल्याची वडी माझ्या हातावर ठेवली.

"नलिनीनं दिल्यात. मला लागत नाहीत. पण ती म्हणते, कोणाला तरी लागतीलच."

डबा बंद करताना त्यांनी झाकण दोनदा दाबून पाहिलं. मागच्या सफरीत अशाच डब्याचं झाकण डेकवरून समुद्रात गेलं होतं आणि त्यावरून घरी जे ऐकून घ्यावं लागलं, त्यापुढे दक्षिण महासागर शांत वाटला, असं ते म्हणाले.

मी त्या जहाजावर कसा, हे मला प्रत्येकाने विचारलं. मोहिमेत वर्तमानपत्राच्या एका माणसासाठी जागा राखलेली असे. आमच्याकडे विज्ञान पाहणारे गृहस्थ ऐन वेळी पित्ताशय काढून घेऊन घरी झोपले. संपादकांनी माझं नाव सुचवलं. मी दर आठवड्याला एक विनोदी सदर लिहीत असे आणि त्यापायी संपादकांना अधूनमधून वकिलांच्या नोटिसा येत. जिथे टपाल पोचत नाही अशा ठिकाणी मी काही महिने असावं, ही कल्पना त्यांना फार शास्त्रीय वाटली.

उपळेकरांचं काम मी वाचकांना समजावून दिलं ते असं: चार किलोमीटर खोल, कायमच्या अंधारात, गोठायला आलेल्या पाण्याखाली चिखल आहे. त्या चिखलात तिळाएवढे, मोहरीएवढे प्राणी राहतात. त्यांनी कोणाचं काही बिघडवलेलं नाही. तरीही सरकार एवढ्या लांब जहाज पाठवून त्यांची शिरगणती करतं. लोखंडी घसरगाडीला जाळं बांधून ती तारेने खाली सोडायची. ती तळावरून थोडी फरफटवायची आणि वर ओढायची. खाली जायला अर्धा दिवस, वर यायला अर्धा दिवस. वर काय येतं? दह्यासारखा राखाडी चिखल. तो चाळण्यांवर घालून समुद्राच्याच गार पाण्याने धुवायचा. बोटं आपली आहेत की शेजारच्याची हे कळेनासं होईपर्यंत धुवायचा. मग चाळणीत जे उरतं ते बरण्यांत भरून त्यावर गोठणपेटीतून काढलेलं थंडगार अल्कोहोल ओतायचं.

इथून माझं शास्त्रीय कार्य सुरू होई. अल्कोहोल सगळ्या प्राण्यांच्या अंगात नीट मुरावं म्हणून पहिल्या दिवशी त्या बरण्या थोड्या थोड्या वेळाने हलवाव्या लागतात. जहाजावर रिकामं कोणी बसायचं नाही असा नियम होता आणि मला दुसरं काहीच येत नव्हतं. तेव्हा मी बरण्या हलवीत असे. जोरात हलवल्या की प्राण्यांचे पाय तुटतात, म्हणून हळू, कुशीवर वळवल्यासारख्या. माझ्या हाताला ते काम इतकं छान जमलं की सेलिन म्हणाली, "केळुसकर काका, तुम्ही उगाच लेखक झालात."

सेलिन डाबरे ही वसईची. गटातली सगळ्यात तरुण शास्त्रज्ञ. बोलायला फटकळ आणि चाळणीवर कोणापेक्षाही चिवट. नव्या खेपेतून अजून हलणारे प्राणी वेचून, बर्फावर ठेवलेल्या काचेच्या ताटलीत त्यांचे फोटो काढायचं काम तिचं. अल्कोहोलमध्ये रंग जातात, म्हणून जिवंतपणीच फोटो. तिच्या सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या फळीला एक चित्र चिकटवलेलं होतं. शाईने काढलेलं, इतकं बारीक की पायावरचा केस न् केस वेगळा. अंगणातली कुंडी उचलली की खाली राखी रंगाचे, अंगाची गोळी करणारे जे जीव दिसतात, त्यांच्या फार लांबच्या भावंडांपैकी हा एक प्राणी. शेपटीवर एकमेकांना छेद देणारे दोन काटे. पायांच्या सहा जोड्या.

"नलिनी मॅडमनी काढलंय," सेलिनने सांगितलं. "हे बघूनच मी या धंद्यात आले."

डॉ. नलिनी उपळेकर त्याच संस्थेत आयुष्यभर काम करून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या तरुणपणी अशा जहाजांवर बायकांना नेत नसत, आणि नेऊ लागले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. त्यांनी हा समुद्र कधी पाहिला नाही. दुसऱ्यांनी आणलेल्या बरण्या पाहिल्या. अशाच एका जुन्या बरणीत त्यांना हा प्राणी सापडला. एकच, तिळाएवढा. त्यावर त्यांनी लेख लिहिला, नवी जात म्हणून त्याला नाव दिलं, आणि तिथून भांडण लागलं.

भांडण पायांचं होतं. या कुळातल्या प्राण्यांच्या पिल्लांना पायांच्या सहा जोड्या असतात. मोठी होताना सातवी जोडी फुटते. नलिनीबाईंचं म्हणणं, हा प्राणी पूर्ण वाढलेला आहे. याला सातवी जोडी येतच नाही, हा जन्मभर सहावरच राहतो. जर्मनीतल्या एका पंडिताचं म्हणणं, बाई, हे नुसतं पिल्लू आहे. कोणाचं ते माहीत नाही, पण पिल्लू. आता हेच पंडित साऱ्या कुळाची सुधारित यादी छापणार होते आणि तीत नलिनीबाईंचं नाव बुडणार होतं. ते वाचवायचा एकच मार्ग होता. सहा जोड्यांची पण पोटाखालच्या पिशवीत अंडी घेतलेली मादी सापडली पाहिजे. जिला पोरं होतात तिला कोणी पोर म्हणू शकत नाही. उपळेकरांची ही शेवटची सफर होती. या जहाजावर नाही मिळाली तर मिळालीच नाही.

नाव बुडतं म्हणजे काय होतं, मी विचारलं. उपळेकर म्हणाले, "पुसत नाहीत. खऱ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात लिहितात. कोणी दिलं होतं, कधी दिलं होतं, सगळं. ते कायम राहतं."

मी म्हटलं, म्हणजे निवृत्त साहेबासारखं. खुर्ची जाते, पाटी राहते. यावर ते मनापासून हसले.

नाव होतं रेवतीचं. पुढे कुळाचं लांबलचक लॅटिन नाव आणि मागे रेवती, लॅटिन विभक्ती लावून. शास्त्रज्ञ लोक नव्या प्राण्यांना साहेबांची नावं देतात हे मला एव्हाना कळलं होतं. त्याच मोहिमेत एका गोगलगाईला संचालकांचं नाव द्यायचं घाटत होतं. मी विचारलं, ही रेवती कोणत्या संचालकांची बायको?

"नाही हो," ते म्हणाले. "घरचं नाव आहे."

मला वाटलं, सासूबाई असतील.

दर रविवारी जेवणानंतर प्रत्येकाला घरी फोन करता येई. रेडिओच्या खोलीत उपग्रहाचा फोन होता आणि तो गेन्नादी नावाच्या जाडजूड अधिकाऱ्याच्या ताब्यात असे. फोनचा कानाकडचा भाग बिघडलेला, त्यामुळे पलीकडचं बोलणं भिंतीवरच्या स्पीकरमधून येई. कोणाच्या घरी गॅस संपलाय, कोणाच्या मेव्हण्याने काय घोळ घातलाय, हे रांगेतल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. आवाज आकाशात जाऊन परत यायला वेळ लागे. मधली शांतता आकाशाची की माणसाची, ते कळत नसे.

उपळेकरांचा फोन सगळ्यांत लहान. नलिनीबाई तब्येत विचारत नसत, हवा विचारत नसत.

"मिळाली?"

"अजून नाही."

"बघा."

एवढंच. एकदा मात्र त्यांनी मला फोनवर बोलावलं. डोळ्यांमुळे त्यांना वाचता येत नसे. शेजारची एक मुलगी माझा मजकूर वाचून दाखवी. बाई म्हणाल्या, "तुम्ही त्यांना किडे लिहिता. ते किडे नाहीत. कोळंबी, खेकडे यांच्या घराण्यातले आहेत. पुढच्या वेळी सुधारा." मी होय म्हणालो. पुढच्या मजकुरात मी त्यांना 'खेकड्यांचे गरीब नातेवाईक' म्हटलं. त्यावर पुढच्या रविवारी निरोप आला की गरीब कशावरून.

असे रविवार गेले. घसरगाडी खाली गेली, वर आली. एकदा नुसता दगड घेऊन आली, एकदा जाळं फाडून आली. उपळेकर प्रत्येक खेपेला डेकवर उभे राहत. चिखलाने भरलेलं जाळं पाण्याबाहेर निघालं की लोक सहसा पुढे सरकतात. ते एक पाऊल मागे घेत. मला ते विचित्र वाटायचं. मी त्यावर एक ओळ लिहिलीही होती, की आमचे मुख्य शास्त्रज्ञ चिखलाला भितात.

शेवटची खेप रविवारी सकाळी वर आली. कप्तानाने आधीच सांगितलं होतं की बर्फ सरकतोय, यानंतर तोंड उत्तरेकडे. सूर्य त्या दिवसांत मावळतच नसे, तरी ती सकाळ सकाळसारखी होती. वारा पडला होता आणि पाणी तेलासारखं जड दिसत होतं. चिखल धुऊन झाला, बरण्या भरल्या. मी माझ्या शास्त्रीय कार्याला लागलो. सेलिन ताटली घेऊन बसली.

थोड्या वेळाने मला जाणवलं की तिच्याकडून काहीच ऐकू येत नाही. एरवी ती काम करताना प्राण्यांशी बोलायची, "ये गं बाय, पाय पसर, फोटो काढायचाय," असं. आता गप्प. डोळा भिंगाला, हात मांडीवर.

"काय झालं?"

"काका, सरांना बोलवा," ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, "नको. थांबा."

तिने मला पाहू दिलं. मला त्यातलं काय कळणार? पण हे कोणालाही कळलं असतं. ताटलीत तांदळाच्या दाण्याएवढी एक मादी होती. पांढरट, काचेसारखी, पाय हळूहळू हलवणारी. मी पाय मोजले. सात जोड्या. शेपटी गुळगुळीत, काटे नाहीत. फळीवरच्या चित्राशी तिचा काही संबंध नव्हता. मी तसं म्हणालो.

"ती नाही," सेलिन म्हणाली. "तिच्या बाजूला बघा."

घाबरली की ही पिशवीतली पिल्लं सोडते. चार किलोमीटर वर ओढून, चाळून, दिव्याखाली ठेवल्यावर ती घाबरली असणार. तिच्याभोवती तिळाएवढी पिल्लं पाण्यात पडली होती आणि काही अजून पिशवीतून निघत होती. सहा जोड्या. शेपटीवर दोन काटे, एकमेकांना छेद देणारे. मी मान वर करून चित्राकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. चित्रकाराने एकही केस चुकवला नव्हता.

उपळेकर आले. कोणी बोलावलं नव्हतं. जेवायची वेळ झाली म्हणून सांगायला आले होते. सेलिन उठून उभी राहिली आणि त्यांना खुर्ची दिली. त्यांनी चष्मा छातीवर सोडला आणि भिंगाला डोळा लावला. ती पाठ त्याच कामासाठी घडलेली होती. ती त्या कमानीत जाऊन बसली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली.

"ही कोण ती ओळखलीस?" त्यांनी न उठता विचारलं.

सेलिनने एक लॅटिन नाव सांगितलं. शंभरेक वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणीतरी ठेवलेलं. मोठी प्रौढ मादी सगळ्यांच्या ओळखीची होती. तिची पिल्लं कशी असतात ते मात्र आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"बरोबर," ते म्हणाले.

सेलिनने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मी तिथे होतो, पण मला ती मोजत नसावी.

"सर, ताटली मलाच उचलायचीय. हात गार पडलेत. सांडू शकते."

त्यांनी डोळा काढला नाही. "सांडेल की. मग दोन वर्षांनी दुसऱ्या कुठल्या जहाजावर दुसऱ्या कोणाला मिळेल. तो नलिनीला फोन करणार नाही, सेलिन. तो सरळ छापेल."

"त्यांना दिसत नाही सर आता. कोण वाचून दाखवणार आहे?"

"तूच दाखवशील. ती तुलाच सांगेल वाचायला."

सेलिनने तोंड फिरवलं आणि उगाच चाळण्या आवरायला घेतल्या. उपळेकरांनी फोटो स्वतः काढले. आईचे, पिल्लांचे, दोघांचे एकत्र. मग छोटी कुपी मागितली. एरवी प्राणी अल्कोहोलमध्ये घालणं हे चिमट्याने उचलून टाकण्याचं काम. त्यांनी काचेच्या नळीने आधी पिल्लं एकेक करून उचलली आणि मग आईला त्याच कुपीत सोडलं. वेगळी कुपी करायची पद्धत आहे, असं सेलिनने नंतर मला सांगितलं. 

जेवायला आम्ही गेलो नाही. केबिनमध्ये ते बिछान्याच्या काठावर बसले. मला गप्प बसायची सवय नाही. मी म्हटलं, वाईट झालं. बाईंना शास्त्राचं सगळं ठाऊक आहे, त्या समजून घेतील. असंच काहीबाही.

"केळुसकर," ते म्हणाले, "रेवती आमची मुलगी."

मी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली. ती का काढली, कोण जाणे.

ते सांगत गेले, एखाद्या खेपेची माहिती सांगावी तसं. रेवती नुकती शाळेत जाऊ लागली होती. पावसाळ्यात ताप आला, तो उतरलाच नाही. दप्तराला अजून नव्याचा वास होता. नलिनीबाईंनी रजा घेतली नाही. घरात बसवेना म्हणून प्रयोगशाळेत गेल्या आणि कोणी हात न लावलेल्या जुन्या बरण्या उघडून बसल्या. त्याच वर्षी त्यांना तो प्राणी दिसला.

"तिनं मला हाक मारली. म्हणाली, बघा. मी पाहिलं. सहा जोड्या. मी म्हटलं, अगं, हे पिल्लू आहे. सहज म्हटलं, कोणीही म्हणेल तसं. ती म्हणाली, नाही. हे मोठंच आहे. हे एवढंच राहतं."

वरच्या डेकवर कोणीतरी साखळी ओढत नेली. ती जाईपर्यंत ते थांबले.

"त्यानंतर मी कधी पिल्लू म्हटलं नाही. लेखावर माझंही नाव आहे. तो जर्मन लिहीत राहिला, मी त्याला उत्तरं देत राहिलो. दर सफरीला आलो. ती म्हणायची बघा, मी बघायचो."

"पण तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर जाळं वर आलं की छातीत धस्स व्हायचं. वाटायचं, आज आई सापडली तर काय करू?"

इतकी वर्षं हा माणूस पृथ्वीच्या टोकाला येऊन एक वस्तू शोधत होता आणि ती मिळू नये म्हणून एक पाऊल मागे घेत होता. मला यावर काही सुचलं नाही. न सुचणं हा माझ्या धंद्यात मोठाच अपघात. त्या आठवड्यात मी वर्तमानपत्राला एवढाच मजकूर पाठवला की बर्फ पुष्कळ आहे, प्रकृती ठीक आहे. संपादकांना तो माझा सगळ्यांत चांगला मजकूर वाटला.

रेडिओच्या खोलीपाशी नेहमीची रांग होती. आज उत्तरेकडे निघायचं म्हणून सगळे खुशीत होते. सेलिन माझ्यामागे होती. तिला वसईला आईशी बोलायचं होतं, पण तिने तिचा नंबर मागच्यांना देऊन टाकला. उपळेकर आत गेले. गेन्नादीने नंबर जोडला. घंटी एकदाच वाजली.

"मिळाली?"

उपळेकरांनी टेबलाची कड धरली होती. जहाज तर हलत नव्हतं.

"मिळाली," ते म्हणाले. "आई मिळाली, नलिनी. सात जोड्या. आपली तिच्या पिशवीत होती."

ते वाक्य वर गेलं.  गेन्नादीला मराठीचं अक्षर समजत नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं, मग उपळेकरांकडे पाहिलं, आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसला. वेळ संपली असं त्या दिवशी तो कोणाला म्हणालाच नाही.

स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. मग बाईंचा आवाज आला. नेहमीसारखाच कोरडा, प्रयोगशाळेतला.

"काटे?"

"आहेत. तुझ्या चित्रात आहेत तसेच. आईला नाहीत. मोठेपणी गळून जातात."

"एकच होती का पिशवीत?"

"नाही. पुष्कळ. भावंडं पुष्कळ."

पुन्हा खरखर. मी आजवर आयुष्यात बऱ्याच शांतता ऐकल्या, भाषणात विनोद पडल्यानंतरच्या तर ढिगाने ऐकल्या. ही आकाशाची नव्हती.

"म्हणजे मोठी होते ती," बाई म्हणाल्या.

उपळेकरांनी चष्मा काढला. 

"हो. मोठी होते."

"केवढी?"

"चांगली तांदळाएवढी. हातपाय लांब. सातवी जोडी पोहायची, वल्ह्यासारखी." ते थांबले. "तिलाही मुलं होतात, नलिनी."

सेलिनने माझ्या कोटाची बाही धरली होती. ती तिने तशीच धरून ठेवली.

"दिसायला?" पलीकडून विचारलं.

"सुंदर आहे. काचेसारखी. दिवा लावला की आरपार दिसतं."

 मग बाईंनी विचारलं, नाव खाली जाईल ना? ते हो म्हणाले. तुम्ही स्वतः लिहा, त्या जर्मनाला लिहू देऊ नका, असं त्या म्हणाल्या. ते होय म्हणाले. बारीक अक्षरात का होईना, नीट छापलंय ना ते सेलिनला पाहायला सांगा, त्या म्हणाल्या. सेलिनने बाहेरूनच मान हलवली, जणू बाईंना ते दिसणार होतं.

आज दोघंही नाहीत. आधी बाई गेल्या, मागोमाग ते. ती यादी सेलिनने मला एकदा दाखवली. जुन्या नावाखाली दुसरी ओळ आहे आणि तीत रेवती आहे, मागे आईवडिलांचं आडनाव. वाचायला मला भिंग लागलं.

पण त्या रविवारी उपळेकर अजून टेबलाची कड धरून उभे होते. बोलायचं सगळं बोलून झालं होतं आणि फोन ठेवायचं कोणालाच सुचत नव्हतं. गेन्नादी खिडकीतून बर्फ पाहत होता. मला वाटलं, पलीकडून त्या गेल्या असतील. तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"अहो."

"बोल."

"वड्यांचा डबा आठवणीनं परत आणा. झाकणासकट."